कर्णा ज्याच्या फाटकावर

परवा माझी नात लॅपटॉपपुढे कपाळाला हात लावून बसली आणि म्हणाली, "आजी, सिस्टीम हँग झाली." मी म्हटलं, "चिमटा काढून बघ. कोण ओरडतं ते कळलं की बिघाड सापडला." नातीनं माझ्याकडे असं बघितलं, की आता लॅपटॉपबरोबर आजीलाही दुरुस्तीला टाकावं लागणार. तिची चूक नाही. ती सईदा आपांना भेटलेली नाही. भेटली असती तर 'सिस्टीम' हा शब्द इतक्या निष्काळजीपणे तोंडातून काढला नसता.

सईदा आपा म्हणजे शेख बाई. औरंगपुऱ्यातल्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. पुढे पडेगावात आमची घरं समोरासमोर झाली, तेव्हा शाळेतल्या शेख बाई गल्लीच्या 'आपा' झाल्या. बुटक्या, रुंद, चालताना दोन्ही हात किंचित लांब धरून चालायच्या, जणू दोन्ही बाजूंना मुलींचे हात धरले आहेत. कानामागे खडू, सुतार पेन्सिल ठेवतो तसा. तो खडू कानामागे विसरून त्या लग्नाला गेल्याचंही मी पाहिलं आहे. आणि तोंडात तो एक शब्द. पोटाची सिस्टीम, दप्तर भरायची सिस्टीम, डाळीला फोडणी द्यायची सिस्टीम. मुली त्यांना पाठीमागे 'सिस्टीम बाई' म्हणायच्या. त्यांना ते माहीत होतं आणि आवडायचंही.

आणि मी? माझी ओळख करून देताना मला हसू आवरत नाही. मी नुकतीच एम.ए. होऊन पैठणहून आले होते आणि आपलं पैठण कुणाला कळू नये म्हणून जिवाचं रान करत होते. 'लई'च्या जागी 'अत्यंत', 'व्हय'च्या जागी 'होय', आणि 'ण' तर मी आरशासमोर उभी राहून घोटला होता. फळ्याला 'कृष्णफलक' म्हणणारी त्या शाळेच्या इतिहासात मी पहिली आणि शेवटची. शिपाई मला डस्टर आणून द्यायला बिचकायचा, त्याला मी काय म्हणेन या धास्तीनं. केसांचा अंबाडा इतका घट्ट बांधायचे, की भुवया कायम वर. मला वाटायचं आपण विदुषी दिसतो. फोटोत बघितलं तर सारखा कुणीतरी दचकवल्यासारखा चेहरा आहे.

तर अशा मला, स्टाफरूममध्ये, पहिल्याच आठवड्यात शेख बाई म्हणाल्या, "मुळे बाई, आज मेरेकू डबा नक्को. पोटाची सिस्टीम बिघडलीय."

"पचनसंस्था," मी म्हणाले.

"काय?"

"मराठीत त्याला पचनसंस्था म्हणतात."

"अच्छा." त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "आणि सोलर सिस्टीम?"

"सूर्यमाला."

"मेट्रिक सिस्टीम?"

"दशमान पद्धती."

"सरकारची जी सिस्टीम असती, ती?"

"शासनव्यवस्था."

"आणि आग विझवायची?"

"अग्निशमन यंत्रणा." मी आता फुशारले होते. अंबाडा आणखी घट्ट झाल्यासारखा वाटत होता.

"संस्था, माला, पद्धती, व्यवस्था, यंत्रणा," शेख बाई म्हणाल्या. "एका पाहुण्याला तुम्ही इतक्या नावांनी हाका मारता, बाई. त्यानं आत यायचं कोणत्या दारानं?"

"मराठी ही समृद्ध भाषा आहे."

"हौ, ते तर आहेच. माझ्या पोटालासुद्धा संस्था मिळाली. पण मला एवढं सांगा, ह्या सगळ्यांत सारखं काय आहे? पोटात आणि सूर्यात?"

मी म्हणाले, "प्रत्येकात घटक असतात."

"घटक तर वाळूच्या ढिगातपण असतात. त्यातली मूठभर वाळू तुम्ही नेली तर ढिगाला पत्ता लागतो का? आता सायकलीच्या साखळीची एक कडी काढून बघा. पायी घरी जावं लागतं." आणि त्यांनी टेबलावरून वाकून माझ्या दंडाला असा चिमटा काढला, की माझ्या तोंडून "अगं आई गं, लई लागलं की!" असं अस्सल पैठण बाहेर पडलं. सगळी स्टाफरूम वळून बघायला लागली.

"हे बघा," शेख बाई सगळ्यांना म्हणाल्या, "चिमटा दंडाला काढला, ओरडलं तोंड. एकाला चिमटा काढल्यावर दुसरा ओरडतो ती सिस्टीम. बाकी सगळा वाळूचा ढीग."

त्या दिवशी माझं पैठण उघडं पडलं ते पडलंच. पुढे ते झाकण्याचा मी प्रयत्न केला, पण शेख बाईंच्या हाताशी चिमटा कायम तयार असे.

हा चिमटा त्यांच्या शिकवण्यातही होता. मज्जासंस्था शिकवायची होती (हो, मी अजूनही मज्जासंस्थाच म्हणते). शेख बाईंनी सातवीचा अख्खा वर्ग उठवला आणि मुलींची साखळी केली. पहिली मुलगी वर्गात फळ्याजवळ, मग दारातून व्हरांड्यात, व्हरांड्यातून जिन्याखाली, एकमेकींचे हात धरून. फळ्याजवळच्या मुलीनं शेजारणीचा हात दाबायचा, तिनं पुढचीचा, असं करत संदेश शेवटपर्यंत जाणार. शेवटची मुलगी पोहोचली होती मोठ्या बाईंच्या ऑफिसच्या उंबऱ्यावर, आणि तिला एवढंच सांगितलं होतं, की संदेश आला की पुढं द्यायचा. पुढं मोठ्या बाई होत्या. पाठमोऱ्या, कपाटात काहीतरी शोधत होत्या. मुलगी आज्ञाधारक होती.

मोठ्या बाईंची किंकाळी मैदानापर्यंत ऐकू आली. फळ्याजवळ उभ्या शेख बाई समाधानानं म्हणाल्या, "पोहोचला!"

त्यावर त्यांना लेखी खुलासा मागितला गेला. त्यांनी एका ओळीत दिला: 'प्रयोग यशस्वी झाला.' शाळेतल्या त्या मुली आता स्वतः आज्या व्हायला आल्या असतील, पण मज्जासंस्था त्यातली एकही विसरली नसेल. मोठ्या बाई तर नाहीच.

हे वेड त्यांना वडिलांकडून आलं होतं. वडील रेल्वेत, आपल्याच लाईनवरच्या एका लहानशा स्टेशनवर पोर्टर होते. तेव्हा गाड्या एकाच रुळावरून जायच्या आणि त्याच रुळावरून यायच्या. मग दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून गोळा असायचा. वेताच्या मोठ्या कड्याला चामड्याची पिशवी, पिशवीत लोखंडी गोळा. तो गोळा ज्या गाडीकडे, त्याच गाडीनं पुढे जायचं. गोळा नाही, तर इंजिनात कितीही वाफ असो, गाडी जागची हलायची नाही. न थांबणारी गाडी आली की वडील फलाटाच्या टोकाला ते कडं उंच धरून उभे राहायचे, आणि इंजिनातला माणूस कोपरात वाकवलेला हात बाहेर काढून धावत्या गाडीतून ते कडं दंडात अडकवून घ्यायचा.

"मी लहान असताना मला वाटायचं, गाडी वाफेवर नाही, अब्बांच्या त्या कड्यावर चालते," आपा सांगायच्या. आणि ते सांगताना दर वेळी कोपर वाकवून हात बाहेर काढायच्या, बांगड्या खळखळ करत मनगटावरून मागं सरकायच्या. "बाई, ना कुलूप, ना पोलीस. नुसतं एक वेताचं कडं. आणि सगळे मानतात. याला म्हणतात सिस्टीम."

त्यांच्या घरात दुसरी सिस्टीम त्यांच्या नवऱ्याची. रहीमभाई साउंड सिस्टीम भाड्यानं द्यायचे. लग्न असो, उरूस असो, गणपती असो, चौदा एप्रिल असो, शाळेचं गॅदरिंग असो, रहीमभाईंचे कर्णे सगळीकडे. त्यांचा स्वतःचा आवाज मात्र इतका बारीक, की चहा हवा असला तरी खुणेनं मागत. आपा म्हणायच्या, "आमच्याकडे सिस्टीम दोन. यांची लोकांच्या लग्नात वाजते, माझी घरात." रहीमभाई मान हलवून हसायचे, कारण बोलून उपयोग नव्हता, ऐकू कुणाला गेलं असतं? पुढे मोठमोठे काळे डबे आले, छाती हादरवणारे, आणि अॅल्युमिनियमच्या लांब कर्ण्यांचे दिवस गेले. मग रहीमभाईही गेले. दुकान आवरताना आपांनी सगळं विकलं आणि एक कर्णा ठेवून घेतला. सर्वांत मोठा, काठावर पोचा पडलेला. तो त्यांच्या दिवाणखान्यात कोपऱ्यात उभा असायचा, पाहुण्यासारखा. ईदला शिरखुर्मा प्यायला गेले, की मी नकळत त्याच्याकडे बघून मान हलवायचे.

आता पडेगाव. आमची गल्ली चढाची. वरच्या टोकाला साळवे काका, एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर. मध्यावर समोरासमोर मी आणि आपा. आमच्या लगेच खाली, टोकाला, दौलताबादच्या रस्त्याकडे, जाधव. त्यांचं टाइल्सचं दुकान आणि टाइल्सच्याच गुळगुळीत भिंतीमागे भली दांडगी मोटर. आमच्या शहरात नळाला पाणी येणं म्हणजे काय, हे शहराबाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. ते आपल्या मनानं येतं, पुष्कळ दिवसांनी येतं, आणि थोडा वेळ थांबून जातं. रुसलेला जावईसुद्धा जास्त वेळ बसतो. तर पाणी आलं, की सगळी गल्ली एकदम लाईनला मोटरी लावायची. जाधवांची मोटर सर्वांत जोरकस, ती सगळं ओढून घ्यायची, मध्यावर आमच्या नळाला सर्दी झाल्यासारखी सूं-सूं, आणि वर साळवे काकांकडे नुसती हवा.

"नळातून वारा येतूय, वारा!" साळवे काका वरून ओरडायचे. "उन्हाळ्यात पंखा म्हणून लावू का याला?"

"काका, मी काय करू? सिस्टीमच खराब आहे!" जाधव खालून.

हे वाक्य जाधवांनी एके दिवशी आपांच्या कानावर जाईल असं म्हटलं, आणि तिथं ते फसले. आपा फाटक उघडून रस्त्यावर.

"कोणती सिस्टीम खराब आहे, जाधवसाहेब? नाव सांगा. मुंबईतली, का तुमच्या भिंतीमागं घरघर करतीय ती?"

"आपा, सगळेच लावतात मोटर."

"हौ. म्हणून तर ही गल्ली वाळूचा ढीग आहे. साळवे काकांना चिमटा बसतोय आणि तुम्ही ओरडत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना घरी बोलावलं, दालचा-भात खाऊ घातला (रिकाम्या पोटी कुणी तयार होत नाही, ही त्यांची आणखी एक सिस्टीम), आणि कोपऱ्यातला कर्णा उचलून मधोमध ठेवला. नियम एवढाच: कर्णा ज्याच्या फाटकावर, मोटर त्याचीच. टाकी भरली की कर्णा पुढच्या घरी नेऊन टांगायचा. सुरुवात वरून, साळवे काकांपासून, शेवट जाधवांकडे.

"आणि कुणी लपवला तर?" मी विचारलं. मला शंका काढायची खोड आहे.

"लपवून दाखवा!" आपा म्हणाल्या. खरंच, तो कर्णा कपाटात मावत नव्हता, पलंगाखाली जात नव्हता आणि गल्लीच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला दिसत होता. "आयुष्यभर लोकांच्या कानठळ्या बसवल्या यानं. आता गप बसून काम करील."

मी या प्रसंगाला शोभेल म्हणून 'जलवितरण समन्वय प्रणाली' असं नाव सुचवलं. जाधव वहिनींनी मला आग्रहानं आणखी भात वाढला.

पहिले काही महिने कुरबुर झाली. मग आमच्या घरांना फाटकावर कर्णा टांगायला एकेक आकडा आला. मग कधीतरी असं झालं, की वर साळवे काकांची टाकी भरली, काका कर्णा खांद्यावर घेऊन बंदुकीसारखा मिरवत उतरले, आणि जाधव खाली शांतपणे पेपर वाचत बसले होते. आपांनी मला कोपर मारलं. "बघताय ना बाई? अब्बांची गाडी सुटली."

मग इम्रानचे फोन सुरू झाले. इम्रान, आपांचा मुलगा, पुण्याला असतो. आपांचे गुडघे गेले होते, जिना चढताना त्या प्रत्येक पायरीला वेगळी शिवी द्यायच्या, उर्दूतून, त्यामुळे मला त्या शेर वाटायच्या. "अम्मी, इथं ये. नातवंडं विचारतात," इम्रान म्हणायचा. आपांना जायचं होतं. नातवाचा फोटो फोनवर दिवसातून दहादा उघडायच्या. पण जीव अडकला होता गल्लीत.

"मी गेले आणि हे परत भांडायला लागले, तर मग मी इतकी वर्षं केलं काय?" त्या मला म्हणाल्या. "अब्बा रिटायर झाले त्या दिवशीपण गाडी गेली, बाई. दुसऱ्यानं कडं धरलं. माझ्याशिवाय चाललं तर ती सिस्टीम. नाही चाललं तर ती नुसती सईदा."

"मग कळणार कसं?"

त्यांचे डोळे चमकले. सातवीच्या वर्गाला साखळीत उभं करताना चमकायचे तसेच. "प्रयोग!"

प्रयोग असा ठरला: पाणी यायची चिन्हं दिसली, म्हणजे पाणी सोडणारा लाईनमन कोपऱ्यावर दिसला, की आपांनी सगळ्यांना सांगायचं, मी आज पैठणला चालले, संध्याकाळी येईन. रिक्षानं जायचं, मागच्या रस्त्यानं फिरून यायचं, आणि माझ्या स्वयंपाकघराच्या दारानं आत शिरून माझ्या खिडकीच्या पडद्याआडून गल्लीवर नजर ठेवायची. या वयात दोन म्हाताऱ्या पडद्यामागं. आमचे हे त्या दिवशी मुद्दाम बाहेर गेले. म्हणाले, "पकडल्या गेलात तर मला कुणी साक्षीला बोलवायला नको."

आपा पिशवी घेऊन, सगळ्यांना हात करून पैठणला गेल्या आणि थोड्या वेळानं माझ्या मागच्या दारातून धापा टाकत आल्या. पाणी आलं. आम्ही पडद्याला डोळे लावले.

साळवे काका फाटकात आले. जाधव फाटकात आले. सगळी गल्ली आपापल्या फाटकात आली. आणि उभी राहिली.

"मोटर का लावत नाहीत?" आपा कुजबुजल्या.

कुणीच लावेना. पाणी पाइपातून चाललं होतं, फाटकाजवळच्या नळांतून खळखळत होतं, आणि सगळे मान वळवून एकाच दिशेला बघत होते. आपांच्या बंद घराकडे.

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. कर्णा आपांच्या दिवाणखान्यात होता. कुलपात! पाणी यायच्या दिवशी आपाच तो बाहेर काढून साळवे काकांच्या फाटकावर पाठवायच्या. या भानगडीत त्याचा विचार आमच्या दोघींच्याही मनात आला नव्हता.

"लावा की हो काका मोटर!" कुणीतरी म्हणालं.

"कर्ण्याबिगर? नाय," साळवे काका म्हणाले. "मी इतकी वर्षं गाडी चालवली, घंटीबिगर कधी हलवली नाय."

"बरोबर आहे," जाधव म्हणाले. हो, तेच जाधव. "कर्णा नाही म्हणजे मोटर नाही. नियम म्हणजे नियम. पाणी गेलं तरी चालंल."

"पाणी गेलं तरी चालंल!" आपांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. त्या हसत होत्या का रडत होत्या, मला अजून सांगता यायचं नाही. "या अल्ला, किती शहाणी गाढवं आहेत ही! माझं पाणी चाललं... सगळ्यांचं पाणी चाललं..." आणि त्या दाराकडे धावल्या, म्हणजे त्या गुडघ्यांनी जितकं धावता येईल तितकं. मी आडवी झाले.

"आपा, तुम्ही पैठणला आहात!"

"हटा बाई!"

"पैठणला आहात तुम्ही! गोदावरीत पाय सोडून बसलाय. किल्ली द्या इकडे."

त्यांनी कमरेची किल्ली दिली. मी मागच्या दारानं निघाले, गल्लीला वळसा घालून आपांच्या परसदारातून आत शिरले, आणि तो अगडबंब कर्णा छातीशी धरून घराच्या कडेनं पुढच्या फाटकात आले. कर्ण्यामागे मी दिसतही नव्हते, नुसत्या चपला आणि अंबाडा. सगळी गल्ली बघत होती.

"मला... मला आपांनी किल्ली दिली होती," मी म्हणाले. "निघताना. विसरलेच होते."

साळवे काकांनी कर्णा घेतला. मग डोळे बारीक करून माझ्या घराकडे पाहिलं. "व्हय का? आपा पैठणला गेल्या म्हणता. आन् मग तुमच्या खिडकीचा पडदा हसतूय तो का?"

पडदा खरंच गदगदत होता.

त्या दिवशी निम्म्याच घरांना पाणी मिळालं. सगळे हसून हसून दमले. आपा मात्र संध्याकाळी माझ्याकडे चहाला आल्या, त्या हसू घरी ठेवून.

"चूक त्यांची नव्हती," त्या म्हणाल्या. "ते तर माझ्याहून पक्के निघाले. चूक माझी. कर्णा मी माझ्याकडे ठेवला. मला वाटायचं, रहीमचा आहे, घरात असू दे, रोज दिसतो. पण अब्बांनी गोळा कधी घरी आणला नाही, बाई."

"मग?"

"मग आता तो फिरतीवर. शेवटी ज्याच्याकडे जाईल, त्याच्याच फाटकावर राहील. पुढच्या पाण्याला त्यानंच तो वर नेऊन द्यायचा." चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. "रहीमनं आयुष्यभर कर्णे भाड्यानं दिले आणि रात्री मोजून परत आणले. हा एक परत यायचा नाही."

मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

दिवाणखान्यातला कोपरा रिकामा झाला. आणि खरं सांगते, पुढच्या पाण्याला जाधवांनी पहाटेच कर्णा वर नेऊन साळवे काकांच्या आकड्याला टांगला होता, चिंचेनं घासून लख्ख करून. आपा आपल्या पायरीवर बसल्या होत्या, कानामागे खडू. कुणी त्यांना काही विचारायला आलं नाही. कुणी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. पाणी आलं, गेलं, टाक्या भरल्या. त्या उठल्या, आत गेल्या, आणि इम्रानला फोन लावला. पडद्याशिवायही मला सगळं दिसत होतं.

जायचा दिवस ठरला, तशी गल्लीनं जंगी निरोपाची तयारी केली. साळवे काका हार आणणार, जाधव वहिनी ओवाळणार, आणि भाषण माझं. मी त्यात संस्था, माला, पद्धती, व्यवस्था, यंत्रणा, प्रणाली सगळं घातलं होतं. शेवटी म्हणणार होते, की आपा, या सगळ्यांत सारखं काय ते मला आता कळलंय. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. पैठणी नेसले, माहेरची, जांभळी, मोरांच्या पदराची. अंबाडा घट्ट.

आणि इम्रान रिक्षा घेऊन दारात उभा राहिला, तेवढ्यात पाणी आलं.

बघता बघता गल्ली रिकामी. साळवे काकांचा हार त्यांच्या कंपाउंडवर लटकत राहिला आणि काका गच्चीवर टाकीत डोकं घालून. कर्णा एकेक घर उतरत खाली येऊ लागला. माझ्या फाटकावर आला तेव्हा आपा रिक्षात बसत होत्या. मी मोटर चालू केली आणि भाषणाचा कागद शोधायला लागले.

रिक्षा माझ्या फाटकासमोर थांबली.

"बाई, टाकी?"

"अर्धी झालीय. आपा, मी जरा दोन शब्द..."

"मोटर चालू हाय आणि भाषण करता? हलू नका तिथून." त्यांनी रिक्षातून डोकं बाहेर काढून गल्लीभर नजर फिरवली. वर बघितलं, खाली बघितलं. एकही माणूस निरोपाला रस्त्यावर नव्हता. नुसत्या गच्च्यांवरच्या पाठी. असा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर नातवाच्या फोटोसाठीही पाहिला नव्हता.

"इम्रान, बघ!" त्या म्हणाल्या. "कोणी आलं नाही!"

इम्रानला वाटलं अम्मीला वाईट वाटलंय. तो बिचारा समजूत काढायला लागला. आपांनी त्याला चिमटा काढला असावा, कारण ओरडला रिक्षावाला, आणि रिक्षा सुटली.

पुढे दोनेक वर्षांनी पुण्याहून त्या गेल्याचा फोन आला. पण ते ऐकीव. मी पाहिलं ते एवढंच: रिक्षा उतारावरून खाली चालली होती. खाली जाधव फाटकात उभे होते, हात स्विचवर. आपांना त्यांनी मान लववली, पण डोळे माझ्या टाकीवर. आणि कोपऱ्यावर पोहोचता पोहोचता रिक्षातून एक हात बाहेर आला. कोपरात वाकवलेला. बांगड्या मागं सरकलेल्या.

मला काय झालं कुणास ठाऊक. मी आकड्याचा कर्णा काढला आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरून उभी राहिले, फलाटाच्या टोकाला उभी असल्यासारखी. वरून माझी टाकी वाहायला लागली होती, पैठणीच्या मोरांवर पाणी पडत होतं आणि मला ते कळतही नव्हतं.

"ओ बाई, टाकी वाहतीय!" जाधव धावत आले. कर्ण्यात हात घालून त्यांनी तो खाली ओढला. "द्या इकडं. पाणी जाईल."

मी दिला. रिक्षा दौलताबादच्या रस्त्याला लागली आणि जाधवांची मोटर सुरू झाली.